खुंटाखालचं रान



दुपारी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर तासभर फिरून आलो. पायमोजे बदलायचे राहिले, त्यामुळे आत्ता या मंचावर मी उभा आहे तो चाळीस-पन्नास कुसळं पायात घेऊनच. त्यातलं एक काढून हातात धरलंय. मागच्या रांगेत दिसणार नाही, म्हणून सांगतो. पुढचं टोक सुईसारखं आहे आणि त्याला उलट्या दिशेचे बारीक केस आहेत. मागे लांब शेपूट आहे आणि तिला पीळ पडलाय. आत्ता मी प्यायच्या पाण्यात बोट बुडवून ही शेपटी ओली करतो. बघा, पीळ उलगडायला लागला, सगळं कुसळ माझ्या तळहातावर गिरकी घेतंय. वाळलं की परत वळेल. रात्रीच्या दवानं ओलं, दिवसाच्या उन्हानं कोरडं, असं फिरत फिरत हे बी गिरमिटासारखं जमिनीत उतरतं, आणि उलट्या केसांमुळे ते परत वर येत नाही. माळ आपली पेरणी आपण करतो, ती अशी.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शनिवारी सकाळची शाळा सुटली की पोरांना माळावर घेऊन जायचे, असं आत्ताच प्रास्ताविकात ऐकलं. पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय ‘अवनत शुष्क परिसंस्थांचे व्यापक पुनरुज्जीवन’ असा छापलाय. गुरुजी बहुधा ‘रान सावरणं’ म्हणाले असते. मीही तेच म्हणणार आहे.

पत्रिकेत ‘व्यापक’ हा शब्द आहे, तेव्हा आधी आकडे सांगून टाकतो. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्रानं २०२१ मध्ये जमिनीच्या अवनतीचा नकाशासंग्रह काढला. त्याप्रमाणे २०१८-१९ मध्ये देशातली ९.७८ कोटी हेक्टर जमीन, म्हणजे एकूण क्षेत्राच्या जवळजवळ तीस टक्के, कमी-अधिक खराब झालेली होती. २०१९ मध्ये ग्रेटर नोएडाला वाळवंटीकरणाविरुद्धच्या कराराची जागतिक परिषद भरली, तेव्हा २०३० पर्यंत २.६ कोटी हेक्टर जमीन सावरण्याचा शब्द आपण दिला. आकडा एवढा मोठा झाला की सरकारं, कंपन्या आणि आपण सगळेच एकच काम करतो. खड्डे मोजतो. इतके लाख खड्डे, इतकी लाख रोपं, वर्तमानपत्रात फोटो. खड्डा मोजता येतो, हा त्याचा मोठा गुण आहे.

पण ही जमीन मुळात काय होती, हे खड्डा खणण्याआधी कुणी विचारत नाही. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ असा रकाना असतो. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३०च्या दशकात आपल्या शेजारच्या इंदापूरपासून जमिनीची मोजणी आणि प्रतवारी सुरू केली, ती साऱ्यासाठी. ज्या जमिनीतून सारा येणार नाही ती पडीक. तिच्यावर मेंढरं चरतात, गवत कापलं जातं, चंडोल घरटी करतात, लांडग्याची पिल्लं वाढतात, हे महसुलाच्या हिशेबात बसत नव्हतं. पुढे साहेब गेला, हिशेब राहिला. आजही पडजमिनींच्या सरकारी नकाशात गवताचे माळ आणि झुडपी रानं ओसाड जमिनीच्या वर्गात सापडतात. मुळात पडीक म्हटलं की भरून काढण्याची घाई होतेच.

नान्नजचंच घ्या. १९७९ मध्ये माळढोकासाठी इथं अभयारण्य झालं, तेव्हा कागदावर त्याचं क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होतं. शेतं, गावं, रस्ते, सगळं त्यात. पुढे ते कापून कापून बाराशेच्या आसपास आणलं. दरम्यान अवर्षणप्रवण क्षेत्राच्या कार्यक्रमात या भागातल्या माळांवर झाडं लावली गेली, त्यात गिरिपुष्प भरपूर. हेतू वाईट नव्हता. सरपण मिळेल, माती धरली जाईल, उजाड दिसणारं हिरवं दिसेल. पण माळढोक हा उघड्यावर जगणारा पक्षी. लांबवर नजर जाईल अशी जागा त्याला लागते; मादी जमिनीवर सहसा एकच अंडं घालते आणि धोका दुरूनच दिसावा ही तिची सगळी संरक्षणव्यवस्था. तिच्यासमोर आपण झाडांची भिंत उभी केली. माळढोक गेला तो एकट्या गिरिपुष्पामुळे असं मी म्हणणार नाही. विजेच्या तारा आल्या, बोअर आले, ज्वारी-करडईच्या जागी ऊस आला. पण आपण केलेला उपचारही त्या यादीत आहे, हे सोलापुरात उभं राहून कबूल केलं पाहिजे.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा थोडा अधिकार येईल.

चाळीस वर्षांपूर्वी मी नव्यानं पाणलोटाच्या कामाला लागलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. डोंगराच्या उतारावर सलग समपातळी चर खणायचे होते. त्यासाठी ‘ए फ्रेम’ वापरतात. दोन बांबू, मध्ये आडवी काठी, वरून सुतळीला बांधलेला दगड. सुतळी आडव्या काठीवरच्या खुणेला टेकली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असं समजायचं, तिथं फक्की टाकायची आणि पुढचं पाऊल घ्यायचं. ही खूण करताना चौकट एकदा सुलट आणि एकदा उलट ठेवून दोन्हींच्या मधोमध खूण घ्यावी लागते. मी घाईत एकदाच घेतली. प्रत्येक पावलाला बोटभरसुद्धा फरक नव्हता, पण साठ पावलांत तो हातभर झाला. चर दिसायला देखणा होता. मृगाचा पहिला जोराचा पाऊस आला आणि त्या चराचा पाट झाला. सगळं पाणी एका टोकाला धावलं, तिथं फुटलं आणि खालच्या एका आजींच्या मटकीच्या वावरात गोटे आणि मुरूम पसरून गेलं. दुसऱ्या दिवशी मी तोंड लपवत गेलो. आजी कमरेवर हात ठेवून उभ्या. म्हणाल्या, ‘‘साहेब, पानी अडवायला आलता का त्याला वाट दावायला?’’

एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. आपल्याकडे वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पडतो, तोही तुकड्यातुकड्यानं. एखाद्या दुपारी पन्नास मिलिमीटर कोसळला तर एका हेक्टरच्या उतारावर पाच लाख लिटर पाणी तासाभरात येतं. उघड्या उतारावर ते थांबत नाही, माती घेऊनच जातं. १९३३ मध्ये याच सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. संशोधक कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुठल्या रानातून किती पाणी आणि माती वाहून जाते हे तिथं मोजायला घेतलं. ‘माथा ते पायथा’ हे आज पोरंही म्हणतात. आधी माथ्यावर पाणी चालायला लावायचं, मग खाली अडवायचं. माझ्या चरानं ते माथ्यावरूनच पळायला लावलं होतं.

या गोष्टीचा उत्तरार्ध मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चर दुरुस्त केले. गावानं तीन वर्षं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. आम्ही लावलेली रोपं दुसऱ्या उन्हाळ्यात बहुतेक मेली. जगली ती बोटांवर मोजण्याइतकी. पण तिसऱ्या पावसाळ्यात डोंगर गवतानं भरला. आधी कुसळी, मग खालच्या अंगाला मारवेल, माथ्यावर पवना. तरवड कमरेएवढा झाला. जिथं आम्हाला नुसते खडक दिसले होते तिथं हिवर, बोर आणि पळसाचे धुमारे उभे राहिले. ते कुणी लावले नव्हते. ते आधीपासून जमिनीखाली होते; शेळ्या आणि कोयते त्यांना टाचेएवढंही वाढू देत नव्हते. वर्षअखेरच्या अहवालात ‘लावलेली झाडे’ आणि ‘जगलेली झाडे’ असे दोन रकाने होते. न लावता आलेल्या झाडांना रकाना नव्हता. मी ती लिहिली नाहीत.

ती लिहायला हवी होती हे मला फार उशिरा, नायजरची हकीकत वाचून कळलं.

नायजर म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला, सहाराच्या दक्षिण कडेचा देश. त्या पट्ट्याला साहेल म्हणतात. आपलं त्यांच्याशी जुनं नातं आहे. बाजरी साहेलमधली, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसानं ती तिथं पिकवायला घेतली आणि मग ती आपल्याकडे आली. आपण भोगीला तीळ लावून जी भाकरी खातो, तिचं माहेर तिकडचं. माराडी भागातलं शेतही आपल्याला ओळखीचं वाटेल. वाळूसारखी हलकी जमीन, चार महिन्यांचा पाऊस, बाजरी आणि चवळी.

टोनी रिनाउदो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं झाडं लावायला गेले होते. रोपवाटिका केल्या, हजारो रोपं लावली आणि आमच्यासारखीच ती मेली. १९८३ मध्ये एकदा रोपं घेऊन गाडीनं जाताना वाळूत चाकं रुतू नयेत म्हणून ते हवा कमी करायला उतरले. बाजूला एक झुडूप होतं. अशी झुडपं त्या माळावर लाखोंनी होती आणि ती ते रोज बघत होते. त्या दिवशी त्यांनी पान नीट पाहिलं. ते झुडूप नव्हतंच, तोडलेल्या झाडाच्या खुंटाला आलेले फुटवे होते. दरवर्षी पेरणीआधी शेतकरी ते कापून जाळत. वर्षानुवर्षं तोडलेलं अख्खं जंगल जमिनीखाली मुळांच्या रूपात जिवंत होतं आणि वर येण्याची वाट पाहत होतं.

मग करायचं काय? सगळे फुटवे कापायचे नाहीत. चार-पाच सरळ, जोमदार निवडायचे, बाकीचे काढायचे, ठेवलेल्यांच्या खालच्या फांद्या छाटायच्या. कोयता आणि अर्धा तास. रोप नाही, खड्डा नाही, टँकर नाही. खोल मुळं तयार असतात, म्हणून फुटवा वर्षभरात डोक्याएवढा होतो.

पण लोक ऐकेनात, आणि त्यांच्याकडे कारण होतं. फ्रेंचांच्या काळापासून कायद्यानं झाड सरकारचं. शेत माझं, बाजरी माझी, पण शेतातलं झाड वनखात्याचं. ते वाढवलं आणि एक फांदी तोडली तर दंड. मग रोपटं असतानाच मोडलेलं बरं! १९८४ च्या दुष्काळात धान्यवाटपाला एक अट घातली गेली: हेक्टरी चाळीस झाडं राखा. लोकांनी राखली, पाऊस आला, धान्य थांबलं आणि बऱ्याच जणांनी ती तोडली. सगळ्यांनी नाही. ज्यांच्या शेतात ती उरली त्यांना वारा अडलेला दिसला, सरपण घरात आलं, बायकांची लांबची पायपीट कमी झाली. वनरक्षकांनी हळूहळू डोळेझाक करायला सुरुवात केली आणि झाड ज्याच्या शेतात त्याचं, अशी समजूत रुळली. कायदा बदलायला २००४ उजाडलं. तोवर ही पद्धत शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे पसरली होती. पुढे जुनी हवाई छायाचित्रं आणि उपग्रहाची चित्रं शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा संशोधक चकित झाले. वीस वर्षांत सुमारे पन्नास लाख हेक्टरवर वीस कोटींच्या घरात झाडं वाढली होती. कुठल्या वनमहोत्सवात त्यांची नोंद नव्हती.

त्या शेतांत एक झाड विशेष आहे. बाभळीच्या गोतातलं, हौसा भाषेत त्याला ‘गाओ’ म्हणतात. ते पावसाळ्यात पानं गाळतं आणि उन्हाळ्यात हिरवं होतं. म्हणजे बाजरी उभी असताना सावली नाही आणि जनावरांना चारा हवा असतो तेव्हा शेंगा तयार. आपल्या शेतकऱ्याची झाडाविरुद्ध जी मुख्य तक्रार असते, वसव्याची, म्हणजे सावलीत पीक खुरटण्याची, ती या झाडानं मिटवून ठेवलीय. आपल्याकडे इतका सोयीचा सोयरा नाही, हे मान्य. आणि नायजरमध्ये सगळं आबादीआबाद झालं असंही समजू नका. २००५ मध्ये तिथं पुन्हा अन्नटंचाई आली. झाडं दुष्काळ थांबवत नाहीत, तो सोसायला हात देतात, एवढंच.

शेजारच्या बुर्किना फासोत याकुबा सावादोगो नावाचा शेतकरी होता. ‘झाई’ म्हणजे कडक झालेल्या जमिनीत वीतभर खड्डे घेऊन पेरायची तिथली जुनी रीत. त्यानं ते खड्डे रुंद आणि खोल केले, त्यात शेणखत टाकलं. खतावर वाळवी आली, तिनं खाली बोगदे पोखरले आणि पाणी त्या बोगद्यांतून मुरलं. आपण वाळवीला औषध मारतो, त्यानं तिला कामाला लावलं. बाजरीबरोबर खतातल्या बियांची झाडं उगवली, ती त्यानं राखली आणि मोठं रान झालं. गावानं आधी त्याला वेडा ठरवलं, रान पेटवूनसुद्धा दिलं. २०१८ मध्ये त्याला आणि रिनाउदोंना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये तो गेला. त्याच्या रानावर शहर वाढत आलं होतं. मोठ्या माणसाच्या जमिनीचंही प्लॉटिंग होतंच.

२००७ मध्ये आफ्रिकी देशांनी सहाराच्या कडेनं हजारो किलोमीटर लांब ‘हिरवी भिंत’ उभी करायचं ठरवलं. सुरुवातीला खरंच झाडांची भिंत. बरीच रोपं मेली आणि आता तिथंही भिंतीऐवजी शेतं, कुरणं आणि राखलेली रानं यांची गोधडी शिवायची असं बोललं जातं. चीनचं लोएस पठार हे दुसरं मोठं उदाहरण. तिथं उतारावरची चराई बंद झाली, पायऱ्यांची शेतं आली, पीत नदीतला गाळ खूप घटला. पण पाऊस कमी असलेल्या भागात झाडं इतकी लावली गेली की ती जमिनीतलं पाणीच पिऊ लागली, आणि आणखी लावायला पाणी पुरणार नाही असं तिथल्याच शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये सांगितलं.

आता घरी येऊ. १९७२ च्या दुष्काळानं पुण्यातले कारखानदार विलासराव साळुंखे अस्वस्थ झाले. त्यांनी पुरंदरमधल्या नायगावला देवस्थानची चाळीसेक एकर उतारजमीन कसायला घेतली, पाणी मुरवलं, आणि मग खरा प्रश्न पुढे आला: हे पाणी कुणाचं? त्यांची पाणी पंचायत सांगते की पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबानं. डोई अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर भिजेल इतकं. भूमिहीनालाही वाटा. आणि ऊस नाही. मला विचाराल तर हा शेवटचा नियम त्यांनी बांधलेल्या सगळ्या बंधाऱ्यांपेक्षा अवघड होता. हिवरे बाजारचंही तसंच. डोंगरावरची चराई बंद केली, पण गवत कापून न्यायला मोकळीक ठेवली. शेतीसाठी बोअर नाही. आणि दरवर्षी पाऊस मोजून गाव कुठलं पीक किती घ्यायचं ते ठरवतं. पाहुणे जातात ते चर आणि बंधाऱ्यांचे फोटो काढून येतात. ग्रामसभेच्या त्या ठरावाचा फोटो निघत नाही.

२०१४ नंतर जलयुक्त शिवार आलं, साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च झाले आणि २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनी भूजल वाढल्याचं फारसं दिसत नाही असं लिहिलं. काही गावांत चांगलं काम झालं, मी स्वतः पाहिलंय. पण पोकलेननं नाला खोल करणं दिवसभरात होतं, डोंगर राखायला तीन वर्षं लागतात. आणि मुरलेलं पाणी पुढच्याच उन्हाळ्यात उसाला गेलं तर मुरवलं कुणासाठी? सोलापूर जिल्ह्यात किती साखर कारखाने आहेत ते मी तुम्हाला सांगायला नको. समोरच्या रांगेत काही संचालकही बसलेत, त्यांना मी चहाला भेटणार आहे.

एक गोष्ट मला आजही टोचते. चराईबंदी हा शब्द मी इतक्या अभिमानानं इतकी वर्षं वापरला. पण बंदी होते तेव्हा जातं कोण? शेतकरी बांधावरचं गवत कापतो, त्याचं भागतं. वाडा घेऊन फिरणारा धनगर कुठं जातो? दिवाळीनंतर कोकणात उतरणारे, परतताना आपल्या वावरात मेंढरं बसवून खत देणारे हे लोक माळ तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ओळखतात. मी काम केलेल्या एकाही गावाच्या बैठकीत आम्ही त्यांना बोलावलं नव्हतं. एका म्हाताऱ्या मेंढक्यानं मला नंतर सुनावलं, ‘‘बंद कराय हरकत न्हाई, पर उघडायचं कधी ते बी ठरवा की. गवत जून झालं की मेंढरू त्वांड लावत न्हाई.’’ बरोबर होतं. चार-पाच वर्षं कुणीच चारलं नाही तर जून गवत साचतं, खालचं गुदमरतं. माळ राखायचा तर आळीपाळीनं बंद आणि आळीपाळीनं उघडा ठेवायचा. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणांचं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय. आपल्याकडे त्यानिमित्त भित्तिपत्रकं निघतील. एखाद्या ग्रामसभेत मेंढक्याला खुर्ची मिळाली तर मला जास्त बरं वाटेल.

नायजरचं वाचल्यानंतर मी एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे गेलो होतो. उन्हाळ्याचे दिवस, पेरणीआधीची साफसफाई चाललेली. बांधावर बोरीचा जुना खुंट आणि त्याला पंधरा-वीस फुटवे. ते कोयता घेऊन बसले होते. दरवर्षी सगळे साफ करायचे, त्यांच्या वडलांनीही तेच केलेलं. मी शेजारी बसलो आणि नायजरची सगळी कथा सांगितली, बाजरीच्या माहेरासकट. त्यांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली, फुटवे नीट निरखले. मग दोन उभे ठेवले आणि बाकीचे कापले.

उठताना म्हणाले, ‘‘दोन ठेवलेत. ज्वारीला वसवा लागला आन् घरची बोलली, तर तुमचंच नाव सांगनार.’’